हृदयरुग्णांची नोंदवही: दवाखान्यात ती कोणत्या क्रमाने दुरुस्त करावी

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातील बहुतेक फॅमिली डॉक्टरांकडे हृदयरुग्णांची यादी असतेच. कोणाची वहीत, कोणाची एक्सेलमध्ये, कोणाची दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. ती तपासायला घेतली की त्याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. ज्यांना हृदयविकार नाही ते यादीत असतात, ज्यांची बायपास झालेली आहे ते नसतात, आणि जे यादीत आहेत त्यांच्यापुढचे रकाने रिकामे किंवा अंदाजाने भरलेले असतात. याला आळस क्वचितच कारणीभूत असतो. मुळात क्रमच उलटा झालेला असतो: आधी सॉफ्टवेअर घेतले जाते, मग माहिती भरायला कोणालातरी बसवले जाते, आणि हृदयरुग्ण नेमके कोणाला म्हणायचे हा प्रश्न अहवाल काढायची वेळ आल्यावर पडतो. पुढील टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत. मधला टप्पा गाळला तर त्याच्या पुढचे काम दुसऱ्यांदा करावे लागते.

पूर्वतयारी

कामाला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. पहिली, निर्णय कोणाचा. निदानाचा रकाना फक्त डॉक्टरांनी भरायचा. रक्तदाब, वजन, तंबाखू आणि संपर्काचे रकाने सिस्टर किंवा कंपाउंडर भरू शकतात. दुसरी, आजची स्थिती गोठवून ठेवणे. सध्याच्या यादीची तारीख घातलेली एक प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यात पुढे काहीही बदलू नये, कारण सहा महिन्यांनी सुधारणा झाली की नाही हे त्या प्रतीशी ताडूनच कळणार आहे. तिसरी, गोपनीयता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी रुग्णांच्या अँजिओग्राफीच्या अहवालांचे फोटो कंपाउंडरच्या वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पडून राहणे योग्य नाही. दवाखान्याचा वेगळा फोन किंवा स्कॅनर ठेवावा, आणि अहवाल नोंदवहीत चढला की फोनमधील प्रत काढून टाकावी.

नवे सॉफ्टवेअर घ्यायचे असेल तर ते सहाव्या टप्प्यानंतर घ्यावे. तोवर साधे एक्सेल पुरते.

टप्पा 1: नोंदवहीत कोण येणार ते लिहून काढणे

«हृदयविकार» हा एकच रकाना ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रुग्ण «हार्टचा प्रॉब्लेम» म्हणतो तेव्हा त्यात अडकलेल्या रक्तवाहिन्या, खराब झडप, वाढलेले हृदय, अनियमित ठोके आणि कधीकधी नुसता वाढलेला रक्तदाबही असतो. या प्रत्येकाची औषधे वेगळी, तपासण्या वेगळ्या आणि पाठपुराव्याचे वेळापत्रकही वेगळे. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण मुलीला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन लागते. ती अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या यादीत मिसळली, तर तिच्यापुढे «स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) दिलेले नाही» असा निरर्थक शेरा येतो आणि इंजेक्शनची तारीख मात्र कोणी पाहत नाही.

म्हणून चार वेगळे गट करावेत: रक्तवाहिन्यांचा विकार (हार्ट अटॅक, अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारी छातीदुखी, अँजिओप्लास्टी आणि बायपास); झडपांचे आजार; हार्ट फेल्युअर; आणि ठोक्यांची अनियमितता. एक रुग्ण दोन गटांत असू शकतो. नुसता उच्च रक्तदाब आणि नुसता मधुमेह यांची यादी स्वतंत्र असावी. प्रत्येक गटात कोण येतो आणि कोण येत नाही हे एका पानावर लिहून ते पान टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

तपासून पाहा: गट लिहून झाल्यावर दवाखान्यातील दोन व्यक्तींना तेच दहा केसपेपर स्वतंत्रपणे गटांत विभागायला द्यावेत. दोघांची विभागणी जुळली नाही तर व्याख्या अजून सैल आहे.

टप्पा 2: एका माणसाची एकच नोंद

आपल्या भागात एकाच गावात एकाच नावाचे पाच पाटील असणे यात काही विशेष नाही. त्याच्या उलट, एकच बाई माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने आणि «अक्का» या हाकेच्या नावाने तीन केसपेपरवर आढळते. मोबाइल नंबरावरून ओळख पटवण्याचा मोह टाळावा, कारण घरात एकच नंबर चालतो आणि तो बहुधा पुण्याला असलेल्या मुलाचा असतो.

ओळखीसाठी पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मवर्ष आणि वाडी-वस्तीसह गाव हे चारही लिहावे. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खाते) असल्यास त्याचा 14 आकडी क्रमांक जोडावा, पण तो नाही म्हणून नोंद अडवू नये. वय लिहिण्याऐवजी जन्मवर्ष लिहावे. वय पुढच्या वर्षी चुकीचे ठरते. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत अशी खात्री होईपर्यंत त्या एकत्र करू नयेत, कारण दोन माणसांची नोंद एक झाली की ती पुन्हा सोडवणे जवळजवळ अशक्य असते.

टप्पा 3: सुटलेले रुग्ण शोधणे

यादीत नसलेला रुग्ण यादी पाहून सापडत नाही, म्हणून औषधांवरून शोध घ्यावा. हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि सर्वांत जास्त फळही तोच देतो.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी, नायट्रोग्लिसरीन, रॅनोलाझिन, टिकाग्रेलॉर, किंवा अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल एकत्र, यांपैकी काहीही चालू असलेला प्रत्येक केसपेपर बाहेर काढावा. शोध घेताना कंपनीचे नाव आणि मूळ औषधाचे नाव अशी दोन्ही वापरावीत; एकाच डॉक्टरांच्या हातून «इकोस्प्रिन» आणि «अ‍ॅस्पिरिन 75» दोन्ही लिहिलेले असते. त्यानंतर अ‍ॅसेनोकौमारॉल किंवा वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी औषधे घेणारे पाहावेत. त्यांत कृत्रिम झडप बसवलेले आणि ठोके अनियमित असलेले रुग्ण सापडतात. पायांना सूज म्हणून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध चालू असलेल्यांमध्ये हार्ट फेल्युअरचे निदान न लिहिलेले रुग्ण असतात, तसे मूत्रपिंडाचे आणि यकृताचेही असतात.

सावधान: औषध हा सुगावा आहे, निदान नाही. क्लोपिडोग्रेल अर्धांगवायूच्या रुग्णालाही दिले जाते. मधुमेह्याला कोणीतरी केव्हातरी सुरू केलेले अ‍ॅस्पिरिन वर्षानुवर्षे चालू राहते. मेटोप्रोलॉल नुसत्या रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी असू शकते. एकट्या स्टॅटिनवरून तर कोणालाही यादीत घेऊ नये.

औषधांखेरीज आणखी एक स्रोत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले रुग्ण पुढे औषधे आपल्याकडून नेतात, पण त्या मुक्कामाचे कागद आपल्या फाइलला कधीच लागत नाहीत. येणाऱ्या प्रत्येक चाळिशीपुढच्या रुग्णाला «छातीचे, अँजिओचे, बायपासचे काही झाले आहे का, आणि कुठे» हा एक प्रश्न तीन महिने नियमाने विचारला, तर उरलेले बहुतेक रुग्ण सापडतात.

टप्पा 4: पुरावा पाहणे

शोधात सापडलेल्या प्रत्येक नावापुढे पुराव्याचा दर्जा लिहावा. माझ्या मते तीनच दर्जे पुरेत: पक्का, संभाव्य, वगळला.

अँजिओग्राफीचा अहवाल, स्टेंटचे कार्ड, बायपासच्या शस्त्रक्रियेची नोंद, किंवा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्ततपासणी) आणि इसीजीतील बदल नमूद असलेले डिस्चार्ज कार्ड असेल तर नोंद पक्की. हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र आहे पण तपासणी नाही, किंवा स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पुढे काहीच झाले नाही, तर संभाव्य. संभाव्य नोंदीपुढे पुन्हा पाहण्याची तारीख हवीच, नाहीतर ती कायमची संभाव्य राहते. इसीजी यंत्राने छापलेल्या निदानाला पुरावा मानू नये; तज्ज्ञाने न पाहिलेल्या त्या ओळीवर अनेक निरोगी माणसे यादीत आलेली असतात.

कागद वाचताना घाई नको. रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीतून जी फाइल काढतो तिच्यात वरचा कागद बहुधा शेवटच्या औषधांची चिठ्ठी असतो आणि डिस्चार्ज कार्ड तळाशी असते. कार्डावर आधी दाखल झाल्याची तारीख पाहावी, मग अंतिम निदान, मग कोणत्या वाहिनीत किती टक्के अडथळा होता आणि स्टेंट बसवला की नाही, आणि शेवटी इकोतील इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा. «ब्लॉकेज निघाला» असे सांगणाऱ्या रुग्णाच्या अहवालात पुष्कळदा 30 टक्क्यांचा अडथळा असतो. त्यालाही रक्तवाहिन्यांचा विकार आहेच, पण स्टेंट बसलेल्या रुग्णाबरोबर एकाच ओळीत त्याला बसवले तर त्याच्या नावापुढे नसलेली दुसरी रक्त पातळ करणारी गोळी «बंद केली» अशी दिसते.

कागद नसतील तेव्हा काय करावे, हा प्रश्न सांगली जिल्ह्यात नेहमी येतो, कारण कृष्णाकाठच्या कित्येक घरांचे कागद 2019 च्या महापुरात गेले. ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथून प्रत मागवावी. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपायचे असतात आणि मागणी केल्यावर 72 तासांत द्यायचे असतात; तीन वर्षांपेक्षा जुने प्रकरण असेल तरी विचारून पाहावे, मोठी रुग्णालये ते बऱ्याचदा ठेवतात. अँजिओग्राफीची सीडी घरातील कपाटात शिल्लक असू शकते. छातीच्या मध्यावर उभा व्रण आणि पायावर शीर काढल्याचा व्रण असेल तर बायपासची शक्यता मोठी; छातीवर व्रण आहे पण पायावर नाही, तर झडपेची शस्त्रक्रिया आधी विचारावी. अँजिओप्लास्टीचा मात्र असा माग राहत नाही.

तारखांबाबत एक सूचना. «महापुराच्या वर्षी अटॅक आला» हे उत्तर पुरेसे नाही. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 मध्ये महापूर पाहिला आहे, त्यामुळे «आयर्विन पुलाला पाणी लागले तेव्हा, की करोनाच्या वेळी» असे पुढे विचारावे लागते. दिवस माहीत नसेल तर महिना आणि वर्ष, महिना माहीत नसेल तर फक्त वर्ष लिहावे. रकाना भरण्यासाठी 1 जानेवारी घालू नये.

टप्पा 5: संकेतांक घालणे

आयसीडी-10 ची, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकांची, मोजकी यादी करून तीच वापरावी. अंजायना आय20, तीव्र हार्ट अटॅक आय21, जुना अटॅक आय25.2, रक्तवाहिन्यांचा जुनाट विकार आय25.1, ठोक्यांची अनियमितता (एट्रियल फिब्रिलेशन) आय48, हार्ट फेल्युअर आय50, संधिवाताच्या तापानंतरचे झडपांचे आजार आय05 ते आय09, बायपास झालेली झेड95.1, स्टेंट असलेला झेड95.5. जनरल प्रॅक्टिसचे बहुतेक काम एवढ्यावर भागते.

सर्वाधिक चूक आय21 मध्ये होते. अटॅकनंतर चार आठवडे उलटले की तो «तीव्र» राहत नाही, पुढे आय25.2 लिहायचा असतो. डिस्चार्ज कार्डावरचा संकेतांक तसाच उतरवल्यामुळे सहा वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेला माणूस प्रत्येक भेटीत नव्याने अटॅक आलेला म्हणून मोजला जातो. दुसरी चूक सॉफ्टवेअरमध्ये होते: दोन अक्षरे टंकली की यादी उघडते आणि घाईत तिच्यातील पहिलाच पर्याय निवडला जातो. छातीत दुखण्याची तक्रार आर07 मध्ये ठेवावी; अ‍ॅसिडिटी निघालेल्या रुग्णाला «अंजायना असेल» म्हणून आय20 देऊ नये.

तपासून पाहा: आय21 असलेल्या सर्व नोंदी तारखेसह काढाव्यात. चार आठवड्यांपेक्षा जुनी एकही नोंद त्यात उरता कामा नये.

टप्पा 6: रकाने ठरवणे आणि भरणे

रकाने जितके कमी तितके ते खरे भरले जातात. रक्तवाहिन्यांच्या गटासाठी रक्तदाब, तंबाखू, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर, वजन, चालू औषधे आणि पुढची तारीख एवढे पुरेसे आहेत. एलडीएल, साखर आणि वजन यांच्यापुढे तपासणीची तारीख लिहिली म्हणजे झाले. रक्तदाब, तंबाखू आणि औषधे यांत मात्र खोटी माहिती सहज शिरते.

त्याआधी सर्व रकान्यांना लागू होणारा एक नियम. «नाही», «विचारले नाही» आणि «माहीत नाही» ही तीन वेगळी उत्तरे आहेत, आणि रिकामी जागा हे यांपैकी कशाचेच उत्तर नाही. मधुमेहाच्या रकान्यात रेघ असेल तर साखर तपासून ठीक आली, की कधी तपासलीच नाही, हे सहा महिन्यांनी भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक रकान्यात तिन्ही पर्याय द्यावेत.

रक्तदाब. रुग्ण पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसलेला असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजमापे घ्यावीत. जे दिसले ते जसेच्या तसे लिहावे. मोजमाप खरे आहे की गोलमाल, हे ओळखायला वही समोर घेऊन फक्त शेवटचा आकडा पाहावा. डिजिटल यंत्राच्या नोंदींत शून्यावर संपणारे आकडे साधारण दहात एक असावेत. पाऱ्याच्या किंवा घड्याळी यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असल्यामुळे पाचात एक. पान भरून 130/80, 140/90, 130/80, 150/90 असे दिसत असेल तर ती मोजमापे नाहीत, ते अंदाज आहेत. यात सिस्टरला बोलण्यात अर्थ नाही. गर्दीच्या वेळी खुर्ची आणि पाच मिनिटे दोन्ही मिळत नसतील तर तिने दुसरे काय करावे? खुर्ची डॉक्टरांच्या खोलीबाहेर ठेवावी आणि मोजमाप नंबर येण्यापूर्वी घ्यावे.

तंबाखू. «तंबाखू खाता का, सिगारेट ओढता का» या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका प्रामाणिकपणे «नाही» म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे, पण ती लावणारीच्या मनात तो दात घासण्याचा भाग असतो. म्हणून प्रश्न मिश्री, गुटखा, मावा, तपकीर, बिडी असे नाव घेऊन विचारावेत, आणि सोडले असेल तर कधीपासून ते लिहावे. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला हा प्रश्न विचारू नये.

औषधे. लिहून दिलेली आणि प्रत्यक्षात घेतली जाणारी औषधे वेगळी नोंदवावीत. रिकामी पाकिटे आणायला सांगितले की फरक लगेच दिसतो. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाच्या नावापुढे दुसरी रक्त पातळ करणारी गोळी तज्ज्ञांनी केव्हापर्यंत सांगितली आहे ती तारीख लिहावी. अटॅकनंतर ती साधारण वर्षभर असते. ही तारीख नसली की दोन विरुद्ध चुका होतात: कोणी ती गोळी तिसऱ्या महिन्यात पैशांअभावी बंद करतो, कोणी पाच वर्षे घेत राहतो. एखादे औषध मुद्दाम दिलेले नसेल तर कारण लिहावे, उदाहरणार्थ दम्यामुळे बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखे औषध) टाळला, खोकल्यामुळे रॅमिप्रिल हे रक्तदाबाचे औषध बदलले. कारण लिहिलेले नसेल तर पुढचा डॉक्टर तेच औषध पुन्हा सुरू करतो.

टप्पा 7: बाहेरगावी असणारे रुग्ण

विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई (सोने-चांदी गाळण्याचा धंदा) व्यावसायिक देशभर विखुरलेले आहेत आणि दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला येतात. पाटण, जावळीकडची माणसे मुंबईत राहून गावच्या डॉक्टरांनाच आपले डॉक्टर मानतात. अशा रुग्णाची वर्षातून एकदा झालेली नोंद «अनियमित» म्हणून सोडून देऊ नये. कुठे राहतो, तिथे कोणाचे उपचार चालू आहेत, गावी केव्हा येतो, असे तीन रकाने जोडावेत, आणि बाहेर घेतलेला रक्तदाब फोनवर कळवला तर «रुग्णाने सांगितलेला» अशी खूण करून तो वेगळा ठेवावा.

टप्पा 8: दर तीन महिन्यांची पडताळणी

नोंदवहीतून कोणतेही वीस रुग्ण निवडावेत, पण चांगले भरलेले वीस निवडू नयेत. दर दहावा घ्यावा. त्यांचे केसपेपर काढून निदान, संकेतांक, शेवटचा रक्तदाब आणि औषधे ताडून पाहावीत. नंतर उलट दिशेने जावे: त्या आठवड्यात आलेल्या, सॉर्बिट्रेट किंवा दोन रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांपैकी किती जण नोंदवहीत आहेत ते मोजावे. पहिली तपासणी चुकीच्या नोंदी दाखवते, दुसरी सुटलेल्या. पहिलीच करून थांबणारे दवाखाने पुष्कळ आहेत.

टक्केवारी काढताना छेद, म्हणजे ज्या एकूण रुग्णसंख्येने भागायचे ती संख्या, बदलू नये. रक्तदाब आटोक्यात असलेले किती, हे विचारले असता न आलेल्या रुग्णांना वगळून हिशेब केला तर आकडा देखणा होतो, पण मोजमाप न झालेल्या रुग्णालाच धोका अधिक असतो. सातारा हा भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या महाराष्ट्रातील सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि त्या उपक्रमात न आलेला रुग्ण हिशेबातून गाळला जात नाही, «भेट चुकलेला» म्हणून वेगळा दाखवला जातो. खासगी दवाखान्यानेही तेच करावे. आटोक्यात, आटोक्याबाहेर आणि आलाच नाही, या तिघांची बेरीज एकूण रुग्णांइतकी आली पाहिजे.

भेट चुकलेल्यांची यादी निघाली की फोन करण्यापूर्वी गावातील आशाताईंकडे किंवा दवाखान्यात येणाऱ्या शेजाऱ्याकडे «ते सध्या गावात आहेत का» एवढीच चौकशी करावी. आजाराविषयी काही बोलू नये. निधन झालेल्या माणसाच्या घरी तपासणीला बोलावणारा फोन जाणे घरच्यांना फार लागते. निधन कळल्यास नोंद पुसू नये. तारीख, ज्ञात असल्यास कारण आणि माहिती कोणी दिली ते लिहून ती «मृत» या वेगळ्या पानावर न्यावी. उपचार दुसरीकडे नेलेल्या रुग्णाबाबतही तसेच, फक्त त्याच्या पानावर नव्या डॉक्टरांचे नाव आणि कागद केव्हा दिले ती तारीख असावी.